हाँगकाँगमध्ये तीन दिवस: पाण्याच्या आधाराने आखलेली पहिली सहल

हाँगकाँगला पहिल्यांदा निघालेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक लांबलचक यादी असते. डिस्नेलँड, मोठा बुद्ध, पीक नावाचा डोंगर, मकाऊ, आणि जमलंच तर सीमेपलीकडचं शेन्झेन. तीन दिवसांत ही यादी कशीबशी पुरी होते, पण बराचसा वेळ भुयारी रेल्वेत आणि रांगांत जातो आणि शहर बघायचं राहून जातं. माझा आग्रह आहे की छोट्या सहलीत यादी बाजूला ठेवा आणि पाणी धरून चाला. एका बाजूला कौलून, दुसऱ्या बाजूला हाँगकाँग बेट आणि मधे व्हिक्टोरिया हार्बर. हे शहर याच पाण्यामुळे वसलं, वाढलं आणि जगभरची माणसं इथे याच पाण्यावरून आली. त्यामुळे बोट, ट्राम आणि पाय या तिन्हींवर भर देऊन आखलेले तीन दिवस धावपळीच्या आठवड्यापेक्षा जास्त देऊन जातात.

आधी कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जायला नेहमीचा व्हिसा लागत नाही, पण आगाऊ ऑनलाइन नोंदणी लागते. ती हाँगकाँग सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण शोधताना सरकारी वाटणारी पण पैसे मागणारी पानंही समोर येतात. पासपोर्टवरची माहिती अक्षर न् अक्षर तशीच भरा, आडनाव आणि नाव यांची अदलाबदल होऊ देऊ नका. उत्तर लगेच स्क्रीनवर येतं. मंजुरी मिळाली की त्याची पावती पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून त्यावर सही करायची आणि तो कागद पासपोर्टसोबत ठेवायचा. मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावर चेक-इन करतानाच तो मागतात.

ही नोंदणी सहा महिने चालते आणि त्या काळात कितीही वेळा जाता येतं, मात्र एका खेपेला जास्तीत जास्त १४ दिवस राहता येतं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मधे पासपोर्ट नवा काढला असेल तर नोंदणीही नव्याने करा. कुणाची नोंदणी नामंजूर झाली तर त्याला रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाची नोंदणी उरकून घ्या, लहान मुलांचीही.

परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा, विचारलं तर लगेच दाखवता येतं. तिथे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, मुक्कामाची मुदत लिहिलेली एक चिमुकली चिठ्ठी देतात. ती सहलभर पासपोर्टमध्येच राहू द्या.

सामानात ई-सिगारेट अजिबात नको, ती तिथे नेणंच बेकायदा आहे. भांगेपासून काढलेल्या सीबीडीची तेलं, मलमं आणि गोळ्या २०२३ पासून तिथे अमली पदार्थांत मोडतात, काही देशांत ती दुकानात सहज मिळत असली तरी. या बाबतीत हाँगकाँगमध्ये कुणाचीही गय होत नाही.

कोणत्या महिन्यात जायचं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर हा सगळ्यात चांगला काळ. हवा कोरडी, आकाश मोकळं, चालताना घामाच्या धारा नाहीत. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र टाळा. चीनच्या राष्ट्रीय सुट्टीमुळे शहर भरून जातं आणि खोल्यांचे दर चढतात. चिनी नववर्षाला आणि मेच्या सुरुवातीच्या सुट्टीतही तेच होतं. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हवा इतकी दमट असते की भिंतींना पाणी सुटतं आणि पीकवर धुक्यापलीकडे काही दिसत नाही.

जून ते सप्टेंबर पावसाचा आणि चक्रीवादळांचा मोसम. कोकणातल्या बंदरांवर बावटा लागतो तशी तिथेही क्रमांकांची पद्धत आहे: १, ३, ८, ९ आणि १०. तीन नंबरपर्यंत शहर बरंचसं चालू असतं. आठ नंबर लागला की शाळा, कचेऱ्या आणि बहुतेक दुकानं बंद होतात, बोटी आणि ट्राम थांबतात, भुयारी रेल्वेच्या फेऱ्या कमी होतात. मुसळधार पावसासाठी पिवळा, लाल आणि काळा असे वेगळे इशारे असतात. हाँगकाँगच्या वेधशाळेचं अॅप फोनमध्ये घेऊन ठेवा. इशारा बराच आधी मिळतो, त्यामुळे दिवसाचा बेत बदलायला वेळ असतो. पण आठ नंबरचा बावटा लागल्यावर लाटा बघायला किनाऱ्यावर जाऊ नका. त्यात जीव जातात आणि सोडवायला आलेल्यांचेही धोक्यात येतात.

मुक्काम

खोल्या लहान असतात हे मनाशी धरूनच बुकिंग करा. दोन मोठ्या बॅगा उघडायला जागा नाही अशा खोलीलाही बराच दर पडतो. २०२५ पासून खोलीभाड्यावर तीन टक्के करही लागतो. लहान खोलीवर सामान कमी नेणं हाच खरा उपाय.

पहिल्या खेपेला मी कौलूनच्या टोकाला त्सिम शा त्सुई किंवा त्याला लागून असलेलं जॉर्डन सुचवेन. बोटीचा धक्का चालत जाण्याच्या अंतरावर, भारतीय जेवण हाताशी, आणि रात्री समोरच्या बेटाचे दिवे बघायला कुठे जावं लागत नाही. पलीकडे बेटावर राहायचं असेल तर वान चाय किंवा शेंग वान. तिथे ट्राम दाराशी येते आणि वस्ती थोडी जास्त घरगुती आहे. विमानतळाजवळची स्वस्त हॉटेलं दोन-तीन दिवसांच्या सहलीत परवडत नाहीत, कारण वाचवलेले पैसे तिकिटांत आणि वेळात जातात.

नेथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्सबद्दल सगळे विचारतात. १९६१ साली उभी राहिलेली ही १७ मजली इमारत आहे. खाली पैसे बदलणारे, मोबाइलवाले, भारतीय, पाकिस्तानी आणि आफ्रिकी खानावळी, वर लहान लहान गेस्टहाउस. जेवायला आणि बघायला जरूर जा. राहण्यासाठी ती जागा फक्त अशांसाठी, ज्यांना खोलीत खाटेव्यतिरिक्त काही नसलं तरी चालतं. दारात मेनूकार्ड घेऊन किंवा कोट शिवून देतो म्हणत पाठीशी लागणाऱ्यांना मान हलवून नाही म्हणायचं आणि पुढे चालत राहायचं.

विमानतळावरून शहरात

मुंबईहून थेट विमान साडेपाच-सहा तासांत पोचतं आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. रात्रीच्या विमानाने गेलात तर पहिल्या सकाळी झोप अपुरी असणार, त्या दिवशी फार काही ठरवू नका.

विमानतळावर आधी ऑक्टोपस कार्ड घ्या. १९९७ पासून चालू असलेलं हे कार्ड रेल्वे, बस, ट्राम, बोट, किराणा दुकानं, चहाची ठिकाणं अशा सगळ्या ठिकाणी चालतं. साध्या कार्डासाठी ५० हाँगकाँग डॉलर अनामत असते. परत देताना ती मिळते, लवकर परत केलं तर थोडी कपात होते. एक हाँगकाँग डॉलर म्हणजे साधारण अकरा रुपये धरून चाला. विमानतळावर पैसे बदलायचेच तर जरुरीपुरते बदला. शहरात दर चांगला मिळतो, आणि चुंगकिंगमध्येही दारातल्या खिडकीपेक्षा आतल्या खिडक्यांवर जास्त चांगला. तरीही नोटा देण्याआधी हातात नेमके किती येणार हे लिहून घ्या.

शहरात जायचे दोन सरळ मार्ग आहेत. एअरपोर्ट एक्सप्रेस २४ मिनिटांत बेटावरच्या हाँगकाँग स्थानकात पोचवते आणि वाटेत कौलूनला थांबते. ती वेगवान आहे, पण महाग आहे. ए-२१ ही दुमजली बस नेथन रोडवरून जाते आणि ए-११ बेटावर वान चायपर्यंत आणि पुढेही. भाडं रेल्वेच्या साधारण एक तृतीयांश, वेळ तासभर. पहिल्या खेपेला बसच घ्या असं मी सांगेन. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर प्रचंड झुलत्या पुलांवरून, खाली कंटेनरची जहाजं बघत शहरात शिरता येतं. कंटेनरचं हे बंदर इतक्या जवळून नंतर दिसत नाही.

पहिला दिवस: कौलूनचा किनारा आणि स्टार फेरी

सामान टाकून थेट त्सिम शा त्सुईच्या धक्क्यावर या. शेजारचा ४४ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा म्हणजे एकेकाळच्या रेल्वे स्थानकाचा राहिलेला भाग. इथून रेल्वेने कँटनला (आजच्या ग्वांगझूला) आणि पुढे गाड्या बदलत थेट युरोपपर्यंत जाता येत असे. स्थानक पाडलं गेलं, मनोरा लोकांनी वाचवला.

आता स्टार फेरी. हिरव्या-पांढऱ्या दुमजली बोटी, प्रत्येकीच्या नावात तारा. ही सेवा सुरू करणारा माणूस मुंबईहून आलेला पारशी होता, दोराबजी नवरोजी मिठाईवाला. १८८८ साली त्याने कौलून फेरी कंपनी काढली. दहा वर्षांनी ती पॉल चॅटर या उद्योजकाच्या हाती गेली आणि तिला आजचं नाव मिळालं. मराठी माणसाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. मुंबई बंदरातून निघालेली माणसं या बंदराच्या जडणघडणीत होती. धक्क्यापासून काही मिनिटांवर मोदी रोड लागतो, तो होरमसजी नवरोजी मोदी यांच्या नावाचा. तेही मुंबईचेच, आणि हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत त्यांच्या देणगीतून उभी राहिली. १९१० साली तिची कोनशिला बसवली गेली आणि पुढच्याच वर्षी ते वारले.

बोटीचं तिकीट दहा डॉलरच्या आत आहे. ऑक्टोपस टेकवून आत जायचं. समोरच्या बेटावरच्या सेंट्रल भागाला जाणाऱ्या बोटीला वरचा आणि खालचा असे दोन मजले असतात. वरून दृश्य मोकळं दिसतं, खाली इंजिनाची धडधड आणि डिझेलचा वास असतो आणि पाणी अगदी जवळ येतं. एकदा वरून जा, एकदा खालून. बाकांच्या पाठी पुढे-मागे सरकतात, त्यामुळे बोट कुठल्याही दिशेला जात असली तरी तोंड समोर करून बसता येतं. बोट लागताना खलाशी लांब आकडीने दोर कसा पकडतो तेही बघा, ते वर्षानुवर्षं तसंच चालत आलं आहे. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा. दोन्हीकडून समुद्र बुजवून जमीन काढल्यामुळे हे अंतर पूर्वीपेक्षा बरंच कमी झालं आहे.

पहिल्या दिवशी ही बोट निदान दोनदा घ्या: उन्हं कलल्यावर सेंट्रलकडे, आणि अंधार पडल्यावर परत. मधल्या वेळात सेंट्रलच्या धक्क्यांवर नुसते फिरा. बाहेरच्या बेटांच्या बोटी इथूनच सुटतात. परवाच्या लामा बेटाच्या फेरीसाठी चार क्रमांकाच्या धक्क्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

रात्री आठ वाजता दोन्ही किनाऱ्यांच्या इमारतींवर प्रकाशाचा खेळ असतो. तो कौलूनच्या बाजूने बघायचा, पण त्यासाठी तासभर आधी कठड्याला चिकटून उभं राहण्याची गरज नाही. दिवे रोजच अप्रतिम असतात, खेळ संपल्यावर गर्दी ओसरते आणि मग किनारा खरा आपला होतो.

संग्रहालयांची आवड असेल तर सुट्टीचे वार लक्षात ठेवा. किनाऱ्यावरचं कला संग्रहालय गुरुवारी बंद असतं, वेस्ट कौलूनचं एम-प्लस सोमवारी आणि पॅलेस म्युझियम मंगळवारी. तीन दिवसांत एकच निवडा. एम-प्लसच्या बाहेर पाण्याकाठी मोठी हिरवळ आहे, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना पळायला तेवढी मोकळी जागा या भागात दुसरीकडे नाही.

दुसरा दिवस: बेट, ट्रामने आणि पायी

सकाळी बोटीने पलीकडे जा आणि सेंट्रल मार्केटपासून सुरू होणारे सरकते जिने धरा. १९९३ पासून चालू असलेली ही साखळी सुमारे ८०० मीटर लांब आहे आणि डोंगरउतारावरच्या वस्तीतून वर जाते. सकाळी सहा ते दहा ती खाली येते, कारण माणसं कामाला उतरत असतात, आणि त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत वर जाते. म्हणून दहानंतर या. जिन्यावर उजव्या बाजूला उभं राहायचं आणि डावी बाजू घाईतल्या माणसांसाठी सोडायची. हा नियम सगळ्या शहरात आहे.

हे शहर बहुरंगी का म्हणतात हे या जिन्यांच्या आसपास दोन-तीन तासांत कळतं. हॉलिवूड रोडवर उतरून थोडं पश्चिमेला गेलात तर १८४७च्या सुमाराचं मान मो मंदिर लागतं. आत छतापासून उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात आणि त्यांची राख हळूहळू खाली पडत असते. परत जिन्यावर येऊन वर चढलात की शेली स्ट्रीटवर जामिया मशीद. हाँगकाँगमधली ही सगळ्यात जुनी मशीद, आजची इमारत १९१५ची. आणखी वर रॉबिन्सन रोडवर १९०२ सालचं ओहेल लेआ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. तिथे आत जायचं तर आधी विचारून ठेवावं लागतं आणि ओळखपत्र लागतं. खाली उतरताना ताई क्वुनमध्ये डोकवा. पोलीस ठाणं, न्यायालय आणि तुरुंग यांचं हे जुनं आवार नीट दुरुस्त करून २०१८ साली लोकांसाठी खुलं केलं आहे. प्रवेश मोफत आहे.

त्या दिवशी रविवार असेल तर सेंट्रलमध्ये आणखी एक गोष्ट दिसेल. घरकामासाठी आलेल्या हजारो फिलिपिनो आणि इंडोनेशियन बायका सुट्टी घालवायला पुलांवर आणि बँकांच्या खालच्या मोकळ्या जागेत पुठ्ठे अंथरून बसलेल्या असतात. गप्पा, पत्ते, डबे, नाच, घरी पाठवायची खोकी. या शहरातली कितीतरी घरं त्यांच्या कष्टांवर चालतात. आपण पाहुणे आहोत, तेव्हा त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका.

दुपारी ट्राम. १९०४ पासून बेटाच्या उत्तर किनाऱ्याने धावणारी ही दुमजली ट्राम शहरातलं सगळ्यात स्वस्त वाहन आहे. कुठूनही कुठेही जा, तीन-साडेतीन डॉलर. मागच्या दाराने चढायचं, पुढून उतरताना पैसे द्यायचे. शेंग वानच्या वेस्टर्न मार्केटपासून ‘नॉर्थ पॉइंट’ लिहिलेली ट्राम पकडा आणि वरच्या मजल्यावर पुढे बसा. सुक्या मासळीची दुकानं, मग बँकांचे मनोरे, वान चायच्या जुन्या चाळवजा इमारती, कॉझवे बेची झगमग, आणि अगदी शेवटी ट्राम चुन युंग स्ट्रीटच्या भाजीबाजारात शिरते. दोन्हीकडे भाजीचे ठेले, मधे रूळ, आणि घंटा वाजली की माणसं शांतपणे बाजूला होतात. एवढ्यासाठी तासभर लागतो आणि माझ्या मते तो त्या दिवसाचा सगळ्यात चांगला तास आहे. परत येताना घाई असेल तर भुयारी रेल्वेने या.

संध्याकाळी पीक. १८८८ पासून चालू असलेली पीक ट्राम तीव्र चढ चढते आणि तो अनुभव आहेच, पण रांग फार मोठी दिसली तर सेंट्रलहून १५ नंबरची बस घ्या. ती खूप स्वस्त आहे आणि वळणावळणाने वर जाताना दोन्ही अंगांचा समुद्र दिसतो. सूर्यास्ताच्या दीड तास आधी वर पोचा. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे चार-सव्वाचारलाच वर असायला हवं. पैसे देऊन गच्चीवर चढण्याआधी लुगार्ड रोड धरा. डोंगराला वळसा घालणारी ही सपाट पायवाट आहे, पूर्ण फेरी साधारण साडेतीन किलोमीटर. पण पंधरा-वीस मिनिटं चाललात तरी झाडी बाजूला होते आणि सगळं हार्बर पायाखाली उलगडतं. आजी-आजोबाही ही वाट सहज चालतात. ओहोटी-भरतीच्या खुणांसारख्या बोटींच्या रेषा पाण्यावर उमटत असतात, त्यात कालची आपली हिरवी बोटही ओळखू येते. पूर्ण अंधार होईपर्यंत थांबा, आणि वारा असतो म्हणून एक पातळ जाकीट ठेवा.

बुधवार असेल आणि अजून अंगात त्राण असेल तर हॅपी व्हॅलीला घोड्यांच्या शर्यती असतात, सप्टेंबर ते जुलै. सर्वसाधारण प्रवेशाला फक्त दहा डॉलर पडतात, मात्र १८ वर्षांखालच्यांना तिथे सोडत नाहीत. पैज न लावताही बघायला जाण्यासारखं आहे, चहूबाजूंनी उंच इमारती आणि मधोमध दिव्यांत न्हालेलं हिरवं मैदान.

तिसरा दिवस: लामा बेट

या दिवशी बहुतेक जण लंताऊ बेटावरच्या मोठ्या बुद्धमूर्तीला जातात. मी पहिल्या पसंतीला लामा ठेवतो. सेंट्रलच्या चार नंबर धक्क्यावरून युंग श्यू वानची बोट अर्ध्या तासात पोचते. बेटावर मोटारी नाहीत. लहान बंदर, लहान गल्ल्या, मग डोंगराच्या कडेने बांधलेली पायवाट. ती दुसऱ्या टोकाच्या सोक कू वानला जाते, रमतगमत दीड-दोन तास. वाटेत हुंग शिंग ये नावाची पुळण लागते, उन्हाळ्यात पोहताही येतं. पुळणीवरूनच वीजकेंद्राची तीन उंच धुराडी दिसतात. काहींना त्यामुळे विरस वाटतो. मला वाटतं समोरचं लखलखतं शहर कशावर चालतं हे त्यातून दिसतं. वाट बरीचशी उघडी आहे, टोपी आणि प्रत्येकी लिटरभर पाणी हवंच.

महत्त्वाचं एकच: सोक कू वानहून परतीच्या बोटी कमी असतात. वेळापत्रकाचा फोटो याचसाठी काढायला सांगितला. बोट चुकली तर दीड-दोन तास बसून राहावं लागू शकतं. शनिवार-रविवारी गर्दी फार असते, शक्य असेल तर हा दिवस आठवड्याच्या मधे येईल असं बघा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना बुद्धदर्शन हवंच असेल तर लंताऊला जा. तुंग चुंग स्थानकापासून ५.७ किलोमीटरचा रोपवे २५ मिनिटांत वर नेतो. देखभालीसाठी तो अधूनमधून बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी खात्री करा. बंद असेल तर २३ नंबरची बस आहे. १९९३ साली उभारलेल्या ३४ मीटर उंच मूर्तीपर्यंत २६८ पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना खालच्या चौकातूनही चांगलं दर्शन होतं. शेजारच्या पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं.

शाकाहारी मंडळींसाठी

अडचण आहे, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. नुसतं ‘व्हेज’ म्हटल्यावर भाजीवर ऑयस्टर सॉस (कालवांचा) येतो, सुपाचं पाणी हाडांचं असतं आणि बेकरीच्या पदार्थांत डुकराची चरबी असू शकते. म्हणून ‘मी मांस, मासे, त्यांचे सॉस आणि चरबी खात नाही’ हे वाक्य चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा आणि ते दाखवा. अंडं चालत नसेल तर तेही वेगळं लिहा. बौद्ध पद्धतीची शाकाहारी उपाहारगृहं मात्र निर्धास्त. डायमंड हिल स्थानकाजवळ ची लिन भिक्षुणी मठ आणि त्याला लागून नान लियान उद्यान आहे. उद्यानातल्या धबधब्यामागे असं एक छान उपाहारगृह आहे. जेवण आणि उद्यान मिळून दुपार सार्थकी लागते. चातुर्मास पाळणाऱ्यांनी कांदा-लसणीबद्दलही तिथे विचारावं, बौद्ध स्वयंपाकात ते बहुतेक वापरत नाहीत.

वान चायमधल्या खालसा दिवान गुरुद्वारात लंगर असतो. तिथे कुणालाही जेवता येतं. डोकं झाकायचं, जोडे काढायचे, पंगतीत बसायचं आणि जमेल ती सेवा करायची. परक्या शहरात डाळ-रोटीची अशी पंगत मिळते, तेव्हा तिथे जाताना फुकट जेवणाची सोय म्हणून जाऊ नका.

मांसाहार करणाऱ्यांनी एक सकाळ डिमसमसाठी, म्हणजे वाफवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांसाठी, राखून ठेवावी. मोठ्या टेबलावर अनोळखी माणसांबरोबर बसवतात, ते तिथे सर्रास चालतं. काय खायचं नाही हे आधी ठरवा, कारण डुक्कर आणि गोमांस बऱ्याच पदार्थांत असतं. बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावलेलं असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. आणि दुधाचा चहा प्या. कडक आणि दाट असतो, आपल्याकडच्या चहाबाजांना तो हमखास आवडतो.

थोडे नियम

भुयारी रेल्वेत खाणं-पिणं पूर्ण बंद, अगदी पाण्याचा घोटसुद्धा. रस्त्यावर कचरा टाकला तर ३,००० डॉलर दंड आहे. स्थानकांना ए, बी, सी अशी बाहेर पडायची दारं असतात. चुकीच्या दाराने निघालात तर दहा मिनिटांची पायपीट वाढते, म्हणून पत्त्यासोबत दाराचं अक्षरही लिहून घ्या. प्लगला चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा अॅडॅप्टर लागतो. नेहमीची अॅप आणि नकाशे नीट चालतात. शेन्झेनला मात्र चीनचा वेगळा व्हिसा लागतो आणि मकाऊला जाऊन यायचं तर अख्खा दिवस जातो. या सहलीत दोन्ही सोडा.

निघायच्या दिवशी

विमान संध्याकाळचं असेल तर सकाळीच हॉटेल सोडून हाँगकाँग स्थानकात जा. एअरपोर्ट एक्सप्रेसच्या प्रवाशांना काही विमान कंपन्यांसाठी तिथेच चेक-इन करून बॅगा देऊन टाकता येतात. तुमची कंपनी त्यात आहे का, हे आधी बघून ठेवा. परतीला महागडी रेल्वे घेण्याचं हेच कारण. हात मोकळे झाले की बोटीचे धक्के चालत पाच-सात मिनिटांवर आहेत, दुपारपर्यंत आणखी एक-दोन फेऱ्या सहज होतात. विमानतळावर पोचल्यावर आत जाण्याआधी रेल्वेच्या खिडकीवर ऑक्टोपस परत करा आणि उरलेले पैसे रोख घ्या. पुन्हा यायचा विचार असेल तर कार्ड ठेवून द्या, शेवटच्या वेळी पैसे भरल्यापासून तीन वर्षं ते चालू राहतं.